डोकेदुखीच्या गोळीनंच वाढते डोकेदुखी! अर्धशिशी कशी ओळखायची, घरी काळजी कशी घ्यायची आणि दवाखान्यात कधी धावायचं?

नागपूर : कापूस वेचणीचे दिवस. सकाळी घरचं आवरून, नुसता चहा पिऊन बाई वावरात येते. अकरा-बारा वाजता ऊन चढतं आणि कपाळाच्या एका बाजूला ठणका सुरू होतो. बाजूच्या तासातली मैत्रीण पदराची गाठ सोडते, गोळी काढते आणि म्हणते, "घे वं बाई, बरं वाटन." गोळी घेतली की तासाभरात बरं वाटतं. दोन दिवसांनी परत तेच.

काटोल-नरखेडच्या संत्राबागेत, भिवापूरच्या मिरची सातऱ्यावर, मौदा-रामटेकच्या धानाच्या बांधीत हेच सुरू असतं. डोकं दुखलं की किराणा दुकानातून दोन-पाच रुपयांची गोळी आणायची, याला कोणी आजार म्हणत नाही. पण जी गोळी आराम देते, तीच महिन्यात फार वेळा घेतली तर डोकेदुखी वाढवते. अनेक घरांत "रोजच डोकं दुखते" असं म्हणणाऱ्या माणसाच्या दुखण्यामागं हे एक मोठं कारण असतं.

म्हणून आज डोकेदुखीबद्दल सविस्तर समजून घेऊ.

डोकेदुखी किती जणांना?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 2021 साली जगात सुमारे 310 कोटी लोकांना, म्हणजे शंभरातल्या 40 जणांना, डोकेदुखीचा कोणता ना कोणता विकार होता. आपल्या देशात बंगळुरू शहर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात शंभरातल्या जवळपास 64 जणांचं डोकं दुखलं होतं आणि 25 जणांना अर्धशिशी होती. म्हणजे चौघांत एक. बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा बराच जास्त असतो.

तरीही "काम नको म्हणून नाटक करते" हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं. अर्धशिशी हा मेंदू आणि मज्जातंतूंचा खरा आजार आहे. बाहेरून सूज दिसत नाही, रक्त दिसत नाही, तपासणीचे रिपोर्टही साधारण चांगलेच येतात. पण दुखणं खरं असतं. 2019 साली 22 जुलैचा जागतिक मेंदू दिन खास अर्धशिशीसाठीच पाळला गेला, तो यासाठीच.

अर्धशिशी की साधी डोकेदुखी?

डोकेदुखीचे प्रकार पुष्कळ आहेत. गावात जास्त करून दोन दिसतात.

ताणाची डोकेदुखी : डोक्याभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंनी, मंद दुखतं. मान आणि खांदे आखडतात. माणूस कुरकुर करत का होईना, काम करू शकतो. उलटी होत नाही.

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन : बहुतेक वेळा एका बाजूला ठणकतं, नाडी उडाल्यासारखं. वाकलं, चाललं, जिना चढला की वाढतं. मळमळतं, उलटी होते. उजेड आणि आवाज सहन होत नाही. अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. एक झटका 4 तासांपासून 72 तासांपर्यंत टिकू शकतो. काहींचं दोन्ही बाजूंनीही दुखतं, त्यामुळे "अर्धं दुखत नाही म्हणजे अर्धशिशी नाही" असं समजू नका.

काही जणांना दुखणं सुरू व्हायच्या आधी डोळ्यांपुढं चमचम, नागमोडी रेषा किंवा आंधळा ठिपका दिसतो. कोणाच्या हाताला किंवा ओठाला मुंग्या येतात. हे हळूहळू वाढतं आणि साधारण 5 मिनिटं ते तासाभरात जातं. ज्या बहिणींना असं होतं, त्यांनी आशाताईकडून माला-एनच्या गोळ्या घेण्याआधी हे जरूर सांगावं. अशा अर्धशिशीत या गोळ्यांमुळे लकव्याचा धोका वाढतो. पाळणा लांबवण्याचे दुसरे सुरक्षित उपाय आरोग्य केंद्रात मिळतात.

लहान मुलांनाही अर्धशिशी होते. त्यांचं बहुधा पूर्ण कपाळ दुखतं, झटका लवकर संपतो, पोट दुखून उलटी होते. शाळा बुडवायचं निमित्त म्हणून रागावण्याआधी एकदा दाखवून घ्या. नजर तपासायलाही विसरू नका.

झटका कशानं येतो?

आजार अंगात असतोच. घरात आई, मावशी, आजी यांना असेल तर जास्त शक्यता. त्याला चेतवणाऱ्या गोष्टी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. आपल्या भागात नेहमी आढळणाऱ्या अशा :

• उपाशी राहणं. सकाळी नुसता चहा पिऊन वावरात जाणं, नवरात्राचे नऊ दिवस किंवा लागून आलेले उपास.
• ऊन आणि पाण्याची कमी. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. आपला उन्हाळा कसा असतो हे वेगळं सांगायला नको.
• झोप मोडणं. ओलितासाठी रात्रीची लाइन असली की मोटर लावायला रात्री-बेरात्री उठावं लागतं. एखाद्या दिवशी उशिरापर्यंत झोपल्यानंही डोकं दुखतं.
• पाळीचे दिवस.
• लग्नातला डीजे, तीव्र वास, अगरबत्तीचा धूर, चुलीचा धूर.
• चिंता. कर्ज, भाव, मुलीचं लग्न. कधी तर काळजी संपल्यावर, निवांत झाल्यावर झटका येतो.

सगळ्यांनी सगळं सोडायची गरज नाही. दोन-तीन महिने नीट नोंद ठेवली तर आपल्याला काय भोवतं ते कळतं. नोंद कशी ठेवायची ते पुढे सांगितलं आहे.

गोळीचा फास कसा बसतो?

किराणा दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच डोकेदुखीच्या गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात. दुखणं कमी करणारं औषध आणि सोबत कॅफिन, म्हणजे चहा-कॉफीत असतं तेच. त्यामुळे तरतरी येते. पण मेंदूला सवय लागली की गोळीचा असर उतरताच पुन्हा डोकं दुखतं. मग परत गोळी. हा फास हळूहळू आवळतो.

डॉक्टर यासाठी एक साधा हिशेब लावतात. नुसती पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस घेतली जात असेल, किंवा मिश्र गोळी आणि अर्धशिशीची खास गोळी महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललं असेल, तर गोळीनंच डोकेदुखी होत असण्याची दाट शक्यता. गोळ्या किती घेतल्या यापेक्षा किती दिवशी घेतल्या हे मोजायचं.

लक्षात ठेवायला सोपं : कोणतीही डोकेदुखीची गोळी आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त लागत असेल, तर दुकान बदलून उपयोग नाही. डॉक्टर गाठा.

यातून सुटका होते. गोळी थांबवल्यावर पहिले 2 ते 10 दिवस दुखणं वाढतं, मळमळतं, झोप लागत नाही, चिडचिड होते. इथंच पुष्कळ लोक माघार घेतात. म्हणून डॉक्टरांना सांगून, कामाची गर्दी नसलेले दिवस पाहून आणि घरच्यांना कल्पना देऊन हे करावं. पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांची रोजची डोकेदुखी कमी होते. झोपेच्या, फिटच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका.

आणखी एक गोष्ट. या गोळ्या रिकाम्या पोटी रोज घेतल्यानं जठराला जखम होते, काळी शौच होते, मूत्रपिंडावरही परिणाम होतो. डोकं वाचवता वाचवता पोट आणि किडनी खराब व्हायला नको.

झटका आला तर घरच्यांनी काय करायचं?

अर्धशिशीत औषधाइतकीच सेवा महत्त्वाची. दवाखान्यात नर्सताई जे करतात, त्यातलं बरंच घरी करता येतं.

1. अंधार आणि शांतता : खिडकी-दार लोटा, टीव्ही बंद करा, मोबाईल बाजूला ठेवा. मुलांना अंगणात पाठवा. खोलीत हवा खेळती असू द्या.

2. थंड पट्टी : स्वच्छ दुपट्टा माठाच्या पाण्यात भिजवून कपाळावर किंवा मानेमागं ठेवा. दर काही मिनिटांनी बदला. बर्फ असेल तर कपड्यात गुंडाळूनच लावा. मान आखडली असेल तर कोमट शेक बरा वाटतो. रोग्याला विचारा, जे बरं वाटेल ते करा.

3. पाणी घोट-घोट : एकदम तांब्याभर पाजू नका, उलटी होईल. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, ताक किंवा ओआरएस थोडं थोडं द्या. उपाशी असेल तर बिस्कीट, पेज, वरण-भात असं हलकं काही.

4. गोळी लवकर, पण मोजून : डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दुखणं सुरू होताच घ्यावी. डोकं पार फुटायला आल्यावर आणि उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. साधारण मोठ्या माणसाला 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल एक किंवा दोन गोळ्या चालतात. पुढची गोळी घेण्यात निदान 6 तासांचं अंतर ठेवा आणि दिवसभरात 6 गोळ्यांच्या वर जाऊ नका. दारू पिणारे, लिव्हरचे रोगी आणि फार अशक्त माणसं यांना कमी मात्रा लागते, त्यांनी आधी विचारावं. किती वाजता दिली ते लिहून ठेवा, नाहीतर सासू एक देते आणि नवरा दुसरी.

5. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. जवळ टोपलं किंवा भांडं ठेवा. उलटी थांबवायची वेगळी गोळी डॉक्टर देतात, त्यानं दुखण्याची गोळीही पोटात टिकते.

6. झोपू द्या : झोप लागली तर उठवू नका, झोपेनं झटका उतरतो. पण आधी डोक्याला मार लागला असेल, ताप असेल किंवा माणूस गुंगीत बरळत असेल, तर ती झोप समजू नका. हालवून उठवा आणि दवाखाना गाठा.

7. स्वयंपाक दुसऱ्यानं करा : चुलीचा धूर आणि फोडणीचा वास झटका वाढवतो. त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणी भाकरी टाकली तर काही बिघडत नाही.

झटका गेल्यावरही दिवसभर थकवा आणि सुस्ती राहते. तो आळस नसतो, आजाराचाच भाग असतो.

घरगुती उपायांचं काय?

कपाळाला सुंठेचा लेप, बाम, डोकं हलकं चेपणं, फडकं बांधणं यानं कोणाला बरं वाटत असेल तर हरकत नाही. पहाटे दूध-जिलेबी खाल्ल्यानं उपाशीपण टळतं, पण आजार जात नाही आणि शुगरच्या रोग्यानं तर ते करूच नये. कपाळाला बिब्बा लावणं, डाग देणं, नाकात कुठलाही रस टाकणं मात्र टाळा. यानं कातडी जळते, जखम पिकते आणि मूळ दुखणं तिथंच राहतं.

कोणती डोकेदुखी घरी थांबवायची नाही?

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर गोळी देऊन वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं ग्रामीण रुग्णालय गाठा.

• वीज पडल्यासारखी अचानक, आयुष्यात कधी झाली नाही एवढी जोराची डोकेदुखी.
• तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. हा लकवा असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा.
• ताप आणि मान ताठ होणं, झटके, बेशुद्धी, बरळणं.
• डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं आणि उलट्या. गाडीवरून पडणं, बैलाची धडक, झाडावरून पडणं यात हे होतं.
• पाच महिने उलटलेल्या गरोदर बाईला किंवा नुकत्याच बाळंतिणीला डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्या-हातावर सूज. बीपी वाढून झटके येण्याचा धोका असतो.
• लाल, दुखरा डोळा आणि कमी दिसणं.
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा दर आठवड्याला वाढत जाणारी डोकेदुखी. कॅन्सर किंवा एचआयव्हीच्या रोग्याची नवी डोकेदुखी.
• सिकलसेलच्या रोग्याला, विशेषतः मुलाला, जोराची डोकेदुखी किंवा हाता-पायात कमजोरी. विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे, हे विसरू नका.
• तीन दिवस उलटूनही न उतरणारा अर्धशिशीचा झटका.

आपल्या भागातले आणखी चार धोके

फवारणी : कापसावर फवारणी करून आल्यावर डोकं दुखणं, मळमळ, घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं ही विषबाधा असू शकते. 2017 साली विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि औषधाच्या डब्याचं लेबल घेऊन लगेच दवाखान्यात न्या.

पावसाळ्यातला ताप : तापासोबत डोकं आणि डोळ्यांमागं दुखत असेल तर डेंग्यू असू शकतो. अशा वेळी फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेननं रक्तस्राव वाढू शकतो, आणि किराणा दुकानातल्या मिश्र गोळीत नेमकं काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर जिल्ह्यात स्क्रब टायफसचे रोगी मोठ्या संख्येनं सापडले होते. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं हा होतो. ताप, जोराची डोकेदुखी आणि काख-जांघेसारख्या जागी सिगारेटनं पोळल्यासारखा काळा डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा. वेळेत औषध मिळालं तर बरा होतो.

उष्माघात : उन्हातून आल्यावर डोकेदुखी, अंग तापलेलं, बडबड किंवा गुंगी. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 बोलवा.

सिगडी : हिवाळ्यात बंद खोलीत सिगडी पेटवून झोपल्यावर घरातल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखू लागलं, तर तो विषारी वायू आहे. आधी सगळ्यांना बाहेर काढा.

दवाखान्यात गेल्यावर काय होतं?

आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात जा. नर्सताई बीपी, ताप, शुगर पाहतात, रक्त कमी आहे का ते तपासतात, गरोदर आहात का विचारतात. सगळ्या घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या आणि लपवू नका. अर्धशिशीचं निदान मुख्यतः विचारपूस आणि तपासणीतून होतं. प्रत्येकाला सीटी स्कॅन, एमआरआय लागत नाही. धोक्याची लक्षणं असतील तरच त्याची गरज पडते.

उपचार दोन प्रकारचे. एक, झटक्याच्या वेळी घ्यायचं औषध. साध्या गोळीनं भागलं नाही तर डॉक्टर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टानसारखी खास गोळी देतात. हृदयविकार, लकवा झालेला किंवा आटोक्यात नसलेला बीपी असेल तर ती चालत नाही. दोन, झटके येऊच नयेत म्हणून रोजचं औषध. महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल किंवा झटका फार जोराचा असेल तर हे देतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यातली नावं. दम्याच्या रोग्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट धोक्याचे आहेत, पोटातल्या बाळाला अपाय होतो. म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नका.

रोजच्या औषधाचा गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. यातली बरीच औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. आरोग्य केंद्रात किंवा जनऔषधी दुकानात मिळतात का, आधी तिथं विचारा.

गुण आला नाही तर ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. पुढं नागपूरला मेडिकलचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मेयो आणि मिहानमधलं एम्स आहे. आरोग्य केंद्राची चिठ्ठी आणि आपली नोंद घेऊन जा.

आजपासून एक काम करा

भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असेलच. ज्या दिवशी डोकं दुखलं त्या तारखेवर फुली मारा. ज्या दिवशी गोळी घेतली त्या तारखेला गोल करा. पाळी आली, उपास होता, रात्री जागरण झालं, तर बाजूला एक शब्द लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगा.

महिना संपला की गोल मोजा. आठपर्यंत असतील तर सांभाळून राहा. दहा किंवा जास्त असतील तर ते पान फाडा, पदराला बांधा आणि आरोग्य केंद्रात घेऊन जा. डॉक्टरांना अर्ध्या तासाच्या बोलण्यातून जे कळत नाही, ते या एका पानावर दिसतं.

सकाळी दोन घास खाऊन निघा, पाण्याची बाटली सोबत घ्या, डोक्याला दुपट्टा बांधा, झोपेची वेळ सांभाळा. आणि घरात कोणी "डोकं दुखून राह्यलं" म्हणालं, तर गोळी पुढं करण्याआधी विचारा : या महिन्यात ही कितवी?

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करताना डॉक्टरांचा सल्ला घ्या. धोक्याच्या लक्षणांची यादी आपल्या गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा.)